टाचणीचा चहा

मंडळी, तुम्ही सगळे आलात. वहिनी, तुमच्यासमोर उभं राहून अण्णांबद्दल बोलायला जीभ रेटत नाही. दुकानात गिऱ्हाइकाशी मी तासभर बोलतो. आज कागदावर लिहून आणलंय.

मल्लिनाथअण्णा आणि मी, नवी पेठेतल्या एकाच साडीच्या दुकानात बावीस वर्षं काढली. एकाच गादीवर, अनवाणी. गादीवर चप्पल चालत नाही. साड्यांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्यांच्या टाचण्या मात्र गादीवर पडतातच. म्हणून आमच्यात एक रिवाज आहे. ज्याच्या पायाला टाचणी लागेल, त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा.

दोन वर्षं अण्णांनी चहा पाजला नाही. आम्ही काय म्हणायचो? अण्णा नशीबवान हाय. अण्णा लई चिकट हाय. अण्णा हसायचे. मंडळी, आम्हीही हसायचो.

शुगर आम्हा दोघांनाही. उन्हाळ्यात डोळे दाखवायला बरोबर गेलो. डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा यंत्रानं फोटो काढला. त्यात दुखलं-खुपलं कळवणाऱ्या बारीक नसा दिसतात. अण्णांचा फोटो मी बघितला. विरलेल्या लुगड्यासारखा होता, मधे मधे धागेच नाहीत. बाई म्हणाल्या, डोळ्यातल्या नसा अशा झाल्यात, तर पायातल्याही झाल्या असतील. पाय तपासून घ्या. अनवाणी फिरू नका. रोज तळवे बघा.

रिक्षात अण्णा मला म्हणाले, "डोळं दाखवाय गेलो, तर बाई म्हणत्यात पाय दाखवा. पायाला काय झालंय? कदी दुखतबी न्हाय की."

कधी दुखत नाही. बाई हेच तर सांगत होत्या. मला तेव्हा कळलं नव्हतं का? कळलं होतं, थोडं. तरी मी गप्प बसलो. कारण फोटो माझाही काढला होता, आणि तो बघायला मी थांबलोच नव्हतो. रिपोर्ट नंतर नेतो म्हणून बाहेर पडलो होतो.

मग लग्नसराई आली. आम्ही दिवसभर गादीवर. एका सकाळी वहिनींना चादरीवर डाग दिसला, म्हणून त्यांनी अण्णांचा तळवा बघितला. अख्खी टाचणी आत होती. किती दिवसांची, ते अण्णांनाही सांगता येईना. पाय काळा पडला. विष अंगात भिनलं. आठ दिवसांत आपले अण्णा गेले.

मी घाबरलोय, मंडळी. दुःख आहेच. पण खरं सांगतो, भीती जास्त आहे. माझा रिपोर्ट अजून तिथंच पडलाय. उद्या सकाळी मी तो आणायला जाणार. तुमच्यासमोर बोललो म्हणजे आता मला पळता येणार नाही.

अण्णा, तुम्हाला हात जोडतो. तुम्हाला चिकट म्हणालो, ते माफ करा.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू. दुकानातल्या माझ्या भावांनो, तेवढ्यात एक आठवून बघा. आपण शेवटचा चहा कधी पाजला होता?

मी कालपासून आठवतोय. आठवत नाही.

उभे राहू या.