बोनटवरचं स्वस्तिक

हसू नका बे, आधी पुरं ऐका. नवीन गाडी घेतली तं मी हौसेनं स्वतःच तिले रंग जपायचं सीलंट लावलं. वाळून पांढरं झाल्यावर कपड्यानं पुसून काढलं. बोनटमध्ये पाहून भांग पाडावा, अशी चमक!

आसगावले मामाच्या पोरीच्या लग्नाले निघायचं होतं. पूजा केल्याशिवाय आई नव्या गाडीत बसते का? पाण्यात कुंकू कालवून तिनं बोनटवर स्वस्तिक काढलं, तं त्याचे थेंब थेंब होऊन खाली घरंगळले.

"काय लावून ठेवलं रे हे?"

"आई, याच्यावर काहीच टिकत नाही. त्याच्याचसाठी लावतेत."

"ज्या गाडीवर देव टिकत नाही, तिच्यात मी बसत नाही."

मंग काय, लग्नाच्या कपड्यात रबिंगची पेस्ट घेऊन तेवढ्या जागेचं सीलंट घासून काढलं. या बारीनं आईनं कुंकू तेलात कालवून स्वस्तिक काढलं.

पावसाळ्यात माह्यं सीलंट उडून गेलं. पुन्हा मारायले साकोलीच्या पॉलिशवाल्याकडे गेलो. त्यानं ते लाल स्वस्तिक घासघास घासलं, तरी निघेना; घाम पुसला अन् मले बाजूले घेऊन हळूच विचारलं, "भाऊ, हे कोणत्या कंपनीचं सीलंट होय?"