शेजारची खुर्ची

साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्यांचं चक्र वर फिरत होतं. रांगेत माझ्यापुढे एक आई आणि तिची मुलगी.

“तुझे बाबा होते तेव्हा यात बसायचोच आम्ही. ते एवढे जाडजूड, मी काडीपैलवान. तरी वर गेल्यावर अगदी शेजारी असायचे. मला वाटायचं, माझ्यासाठी अंग चोरून बसतात.”

“अगं आई, वजनाचा संबंधच नसतो. वेग एकच, मग जड काय नि हलकं काय, सगळ्या खुर्च्या सारख्याच झुकतात.”

“काहीतरीच! आणि कोणी बसलंच नाही तर?”

“ती निळी बघ. रिकामी आहे, तरी बाकीच्यांएवढीच वर गेलीये.”

“खरंच गं. मागे नाही पडत?”

“शेवटपर्यंत नाही.”

“मग असं कर, तू माझ्या मागच्या खुर्चीत बस. शेजारची रिकामी राहू दे.”