पंख्याला वाहिलेलं हळदकुंकू

खरं सांगते, माझ्यावर घरात कुणीच विश्वास ठेवला न्हाई. शिरूरच्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर चालू केला, की त्याचा पंखा गिरणीसारखा ओरडायचा. आमचे मालक, म्हंजे माझा नवरा, म्हणाले, "दिवसभर चालवून तूच तापवलास. उद्यापासून दुकानात मी बसतो, तू घर बघ."

"अहो, हात लावून बघा की. गार हाय!"

"चौथी शिकलीस आन् मला शिकवतीस व्हय?"

दुकान मी उभं केलं, असं कसं सोडीन? दौंडच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं खोकं उघडलं आन् हसायलाच लागला.

"ताई, उष्णता मोजणाऱ्या सेन्सरची वायर तुटलीय. मशीन किती तापलंय ते कळंना, म्हणून पंखा जोरात पळतोय. पण आत हे हळदकुंकू कसलं? दसऱ्याला खोकं उघडून पूजा केली कुणी? त्यातच वायर तुटली असणार."

मालक शेजारीच उभे होते. एकदम झेरॉक्सचे कागद मोजायला लागले.

"सांगा की ताई, कुणी केली?"

लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशी पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं घेतलं, "दत्तात्रय!"