अंगठ्याएवढा जुना रंग

माह्यं नाव डोमाजी, पण चांद्यापासून सिरोंच्यापर्यंत मले डोमा पेंटर म्हणूनच वळखत, आता वळखणारे अर्धेअधिक गेले ते सोडा. गाव आमचं सिंदेवाहीकडचं, धानाच्या बांध्यातलं. बाप खासरं रंगवे, म्हणजे बैलगाड्या, अन् पोळ्याले गावभरच्या बैलाची शिंगं. काय सांगू तुमाले, त्याच्या हातचा रंग असा का त्यानं रंगवलेली जोडी जंगलातून निघाली का वाघ डोळ्यावर पंजा धरून बाजूले होये. हसता काऊन जी? मी नाई पाह्यलं, बापानं पाह्यलं, अन् बाप खोटं बोले ते फक्त मायजवळ.

त्या बापाचा एक कायदा होता. खासर पुरं खरडा, चाकं खरडा, नवा रंग मारा, पण आखाच्या खालतून, कोणाले दिसत नाई तिथी, जुन्या रंगाचा अंगठ्याएवढा तुकडा सोडूनच द्याचा. काऊन, तर वस्तूले याद राह्यली पाहिजे का आपल्यावर आधी कोण बसलं, कोण उतरलं. पुरं झाकलं का ते बावचळते म्हणे, मागचं आठवत नाई तर मग पुढचं आठवत बसते. आमच्याकडचे सारे रंगवणारे हे पाळत, मी बी पाळलं. एकच डाव नाई पाळलं.

तर मी मोठा झालो अन् आलापल्लीले आलो. इंग्रज जाऊन थोडेच साल झाले होते, सागवानाचा मोठा कारभार, फारेस्टची माणसं, ठेकेदार, सारे बाहेरगावचे, त्यायले राहाले किरायाचं घर पाहिजे. असं घर सगुणाबाईचं. हे सगुणाबाई म्हणजे लाकडाच्या ठेकेदाराच्या मुनीमाची बायको. एक गोरा सायब आपल्या देशाले जाता जाता सामान फुकापासरी देऊन गेला, ते मुनीमानं घेतलं, अन् थोड्याच दिसात तापानं तोही गेला, म्हणजे मुनीम. मग बाई मागच्या खोलीत राहे अन् समोरचं घर सामानासकट किरायानं दे. सामान काय साधं? एक रॉकेलचा पंखा, खालती वात जळे अन् वरतं पाती फिरे. अन् एक बरफाचं कपाट, तेही रॉकेलचंच, बुडाशी बत्ती अन् आतमधी बरफ. बाहेरून पाहाल तर थंडगार अन् बुडाशी आग, लोक म्हणत हे कपाट नाई, कोणाची तरी सासू आहे.

आता झालं असं, का मागचा किरायदार खोकलत खोकलत त्याच घरात मेला. बाजारात बोभाटा झाला, घर खाली पडलं. अन् मूलवरून दिराचा निरोप येऊन राह्यला, का घर माह्या नावानं कर अन् इथी ये, दोन टाइमचं खाय, धुणंभांडं कर. घर सुटलं का सगुणाबाई दिराची मोलकरीण, एवढी सरळ गोष्ट होती. तेवढ्यात एक फारेस्टर घर पाहाले येणार अशी खबर आली. बाईनं मले बोलावलं, म्हणली, डोमाजी, सामान असं करा का आजच पेटीतून काढलं, खोकल्याची एकबी निशाणी नको. मी म्हणलं, करतो जी, मागच्या बाजूले अंगठ्याएवढं सोडन फक्त. म्हणली, अंगठाबी नको. तुमच्या अंगठ्यापायी मी दिराच्या चुलीपुढं जाऊन बसू का? आता बाईनं असं डोळ्यात डोळे घालून म्हणल्यावर काय करता? झाकलं पुरं. पत्र्यापर्यंत खरडलं अन् पांढराशुभ्र रंग मारला, असा गुळगुळीत का माशी बसली तर घसरून पडे अन् लंगडत जाये.

दुसऱ्या दुपारी बाईनं हाक मारली. उन्हाळ्याची दुपार, सागाले पान नाई, पाखरू नाई, सारं जंगल तोंड दाबून बसल्यावाणी. मी जाऊन पाहातो तर कपाटाच्या बाजूले, माह्या मांडीएवढ्या उंचीवर, रंग गेला होता. उडाला नव्हता जी, घासला होता. रंग उडाला तर कड बोटाले टोचते, अन् माणसाच्या आंगानं घासला तर कड लागतच नाई, हळूहळू पत्रा सुरू होते. हे घासलेलं होतं, सालोसाल घासल्यावाणी, अन् भवतालचा माह्या हातचा रंग अजून वलाच, बोटाले चिकटे. पुन्हा मारला. दुसऱ्या दुपारी पुन्हा तिथीच, अन् आता आणखी एक, कपाटाच्या मुठीच्या डाव्या बाजूले, बाईच्या तळहाताएवढा. मी कान लावला तर बुडाशी बत्तीचा फुर्र फुर्र आवाज. बत्ती तर कोणी पेटवलीच नव्हती.

सगुणाबाई म्हणली, तो मेलेला खोकल्या तर नाई ना जी? मी म्हणलं, खोकल्या बांबूएवढा उंच, तो खालतं कायले घासन? हे लेकराचं आहे. ते म्हणली, या घरात लेकरू कधी राह्यलंच नाई, ना सायबाचं, ना माह्यं, ना किरायदाराचं.

तेवढ्यात दारात खासर थांबलं. फारेस्टर उतरला, बायको उतरली, अन् एक पोट्टी, उन्हानं लालबुंद झालेली. तिनं इकडं पाह्यलं नाई, तिकडं पाह्यलं नाई, सरळ धावत आली अन् त्या घासल्या जागेवर गाल टेकवला. साच्यात वीट बसावी तसा बसला. आई, थंड आहे वं, म्हणली. मांगून माय आली, कपाट कसं आहे ते पाहाले हात लावला, तर डावा हात. डावरी बाई, अन् तिचा तळवा त्या दुसऱ्या जागेवर नेमका. माह्या आंगावर असे काटे आले का सायाळ लाजली असती. सगुणाबाईनं माह्या सदऱ्याची बाही धरली, ते खासर खाली होयपर्यंत सोडली नाई.

घर पसंत पडलं. फारेस्टर दुसऱ्याच दिवशी नदीपार कुपावर, म्हणजे झाडतोडीच्या जागेवर गेला, भामरागडाकडं, झाडं मोजाले. अन् सगुणाबाईनं काय करावं? गोष्ट पोटात ठेवली नाई, डावरीले सारं सांगून टाकलं. डावरी अगोदर हसली, मग तिचं हसू थांबलं. म्हणली, माह्या हाताची जागा आहे, पोरीच्या गालाची आहे, मग यायची, पोरीच्या बापाची, कुठी आहे? झालं. आम्ही कपाट पाह्यलं, पंखा पाह्यला, दारं पाह्यली, खिडक्या पाह्यल्या. तिच्या माणसाच्या हाताची जागा नाई म्हणजे नाई. त्यात पाणी लागलं, नदी फुगली, पारचा ना माणूस आला ना निरोप. डावरीनं टरंक भरली. म्हणली, या घरानं यायले मोजलंच नाई, मी इथी एक घटका नाई थांबत. सगुणाबाई उंबऱ्यावर बसून पाहे. डावरी गेली असती तर बाजार म्हणला असता, घरानं आणखी एक खाल्ला, अन् मग कोणता किरायदार येते?

मी काय केलं, डावरी पोट्टीले घेऊन विहिरीवर गेली तेवढ्या टाइमात रेगमाल, रंग घासाचा खरखरीत कागद, काढला, अन् कपाटाच्या दारावर, वरतं, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर पंजा घासला. माप कोणाचं घेता? जवळ होतं ते माह्याच हाताचं. रेगमालानं घासलं, मग राखेनं, मग रॉकेलच्या चिंधीनं, कड अशी पुसली का ब्रह्मदेवानं बोट फिरवलं तरी समजू नये. डावरी आली, म्हणलं, पाहा बाई, उशिरा आला, पण आला तुमचा माणूस. ते हळूच जवळ आली, डावा हात त्याच्यावर ठेवला अन् मोठ्यानं रडली. टरंक उघडली.

पाणी संपल्यावर फारेस्टर आला तो चांगला गलेलठ्ठ होऊन. पुरामुळे माडियायच्या एका गावात अडकला होता, त्यायनं कोंबडी अन् भात खाऊ घालू घालू त्याचा पट्टा पुरेना असा केला. त्यानं दारावरच्या पंजावर हात ठेवून पाह्यला, तर बोटं टोकाले पुरत नाई. म्हणला, हा कोणत्या अस्वलाचा पंजा हो? म्या म्हणलं, सायब, पाण्यापावसानं माणूस आकसते. पण त्याच्या खिशात बदलीचा हुकूम होता. घर चुकलं नव्हतं जी, मेला म्हणत नव्हतं, फक्त राहत नाई म्हणत होतं, घाबरलो ते आम्ही. अन् खासर भराच्या अगोदरच पोट्टीच्या गालाची जागा भरून आली. कोणी ब्रश लावला नाई, पांढरा रंग आपोआप कडेकडेनं सरकत आला, जखम भरते तसा. मग डावरीची भरली. मग ते गेले.

राह्यला एकच, मी रेगमालानं केलेला. तोंडानं नाई, हातानं बोललेलं खोटं, म्हणलं पुसून टाकू. रंग मारला, दुसऱ्या दुपारी पंजा परत. पुन्हा मारला, पुन्हा परत. सगुणाबाई पाहे माह्याकडं अन् पाहे कपाटाकडं. म्हणली, ठेवा जी हात. ठेवला, बसला, बसणारच ना, माह्याच मापाचा होता. म्हणली, मग कपाटाले कायले खोटं पाडता? झाला आमचा पाट, तिचं दुसरं लगन. दीर आला होता भांडाले, कपाटाले पाठ टेकून दात खाये, रंग वला होता. मूलपर्यंत पाठीवर पांढरा ठप्पा घेऊन गेला, रस्त्यानं कुत्रे मांगं लागले. घर तिचंच राह्यलं, किरायानं द्याची गरजच उरली नाई. मुठीजवळ तिच्याबी हाताची जागा उमटली.

किती साल गेले, पोरगा झाला, मोठा होऊन चांद्याले राहाले गेला. बरफ बंद पडला, आता त्यात माह्ये कपडे राह्यतेत. एका उन्हाळ्यात तिची जागा भरून याले लागली. तिनंच पाह्यली अगोदर, अन् काही न बोलता लुगडी काढून शेजारणीले वाटाले बसली. मी वेड्यावाणी रोज रेगमाल घेऊन घासो, घासलं का पुन्हा भरे. म्हणली, ठेवा आता ते, हात दुखन तुमचा. तिच्या मांगं मी कपाटाले कधी ब्रश लावला नाई.

औंदाच्या पोळ्यापासून माह्यी जागा भरून राह्यली आहे. करंगळी गेली, मग बोटं गेली, तळवा गेला. या इकडं, पाहा, आता अंगठ्याएवढंच उरलं. रेगमाल त्या फळीवर आहे, मी हात लावत नाई. अन् आता खाली वाका जरा, माह्या मांडीएवढ्या उंचीवर बोट फिरवा. कड लागते का? नाई ना. चांद्यावरून पोराचा काही निरोप नाई अजून, सून काही बोलली नाई, पण हे कालपरवापासून उमटून राह्यलं. कोण आहे ते माहीत नाई, पण ये बाप्पा, ये वं माय, जो कोणी असशील तो ये, टेकव गाल, थंड आहे. पोराले मी सांगून ठेवलं, मी गेल्यावर कपाट खुशाल रंगव, पण तो अंगठा तेवढा सोड.