ग्रहपतीच्या आईचा श्वास

मंडळी, ऐका! आज आधी एक प्रश्न. उत्तर लगेच देऊ नका — सभापतीसाहेब, तुम्हीसुद्धा नाही, हे भाषण नव्हे!

रस्त्यात परका माणूस ठेच लागून पडला, तर आपण धावतो. धावतो की नाही? मग आपल्या घरातलं माणूस आपल्या डोळ्यांदेखत कासावीस होत असताना आपण स्वस्थ कसे बसतो? दिसत नाही म्हणून? की दिसतं, आणि तरीही —?

ठेवा मनात. गोष्ट संपली की मी पुन्हा विचारणार आहे.

आता काल काय झालं, पोरं मला म्हणाली, आजोबा, तुमच्या आख्यानात एकदाही यान येत नाही. म्हटलं, येत नाही काय? उद्याच आणतो! तेव्हा आजचं आख्यान आकाशातलं. पोथीत शोधू नका, ते या टकलातून निघालंय. मोरेश्वर, तबल्यावर जरा यान सोडा बघू — वा! उडालं! आता धरून बसा.

तर दूर, फार दूर, ताऱ्यांच्या पलीकडे एक राज्य होतं. सगळ्यांच्या वर चक्रवर्ती. त्याच्या खाली एकेका ताऱ्याला एक तारकासरदार. त्याच्या खाली एकेका ग्रहाला ग्रहपती. ग्रहाभोवती चंद्र फिरायचे, प्रत्येक चंद्राला एक चंद्रदेशमुख! हसता काय? अजून आहे. तिकडे उघड्यावर हवा नाही, म्हणून माणसं काचेच्या मोठमोठ्या घुमटांत राहायची. प्रत्येक घुमटाला एक घुमटपाटील! आणि सगळ्यांच्या खाली कोण? — बरोबर. रयत. ती कुठेही जा, खालीच असते.

नवल वाटतं? आपल्या सप्ताहाचा फ्लेक्स बघा की बाहेर. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, प्रमुख मार्गदर्शक, आधारस्तंभ... आणि खाली कोपऱ्यात, जागा उरली म्हणून, दत्तमहाराज!

बरं. या राज्यात हवा यंत्रांतून यायची, आणि पहिली यंत्रं आणली होती चक्रवर्तीच्या पणजोबाने. म्हणून हवा कोणाची? सरकारची! आणि म्हणून मुजरा कसा करायचा? वाकून नाही. हात जोडून नाही. वरचा अधिकारी समोर आला की खालच्याने श्वास रोखायचा! तो जोवर ‘घ्या’ म्हणत नाही, तोवर श्वास घ्यायचा नाही.

काय म्हणता? हो! श्वास! मला स्वतःला सांगताना कसंतरी होतंय.

आणि ‘घ्या’ म्हणायचं तेही क्रमाने हं. आधी देशमुखांना, मग पाटलांना, सगळ्यात शेवटी रयतेला. क्रम चुकला की अधिकाऱ्याची गादी गेली! मोठ्यांचं ठीक होतं. त्यांच्या कॉलरमध्ये बारीक नळी असायची, आतल्या आत हवा चालू. आणि रयत? रयत चोरून घ्यायची. चोपदार हातात आरसा घेऊन रांगेतून फिरायचा, कोणाच्या नाकापुढे आरसा धुरकटला की हाकललाच दरबाराबाहेर. पण चोपदाराची पाठ वळली की सगळी रांग हळूच, नाकातल्या नाकात... घेतला! सगळ्यांना माहीत होतं. वर्षानुवर्षं चाललं होतं.

आता एका घुमटात राहायची ठकूबाई. तिकडची नावं वेगळी असतील, पण ती उच्चारताना माझी कवळी बाहेर येईल, म्हणून आपलीच नावं ठेवतो. ठकूबाई विधवा. हवेच्या यंत्रघरात झाडलोट करायची. एकुलता एक लेक, केरबा. घरात दोन माणसं, आणि हवेचा मुखवटा एकच.

मधूनमधून यंत्र बंद पडायचं. भोंगा वाजला, की ठकूबाई धावत यायची, मुखवटा लेकाच्या तोंडावर बसवायची आणि स्वतः समोर बसायची. श्वास रोखून. हसत! पोर घाबरू नये म्हणून हसत. चेहरा लाल व्हायचा, मग काळानिळा. यंत्र पुन्हा सुरू झालं की धापा टाकत श्वास घ्यायची आणि म्हणायची, “बघ, काही झालं नाही. मला सवय आहे रे.”

वामनराव, पेटी जरा थांबवा. हे वाक्य नुसतं ऐकू द्या त्यांना. “मला सवय आहे.”

केरबा मोठा झाला. यान चालवायला शिकला. आणि एकदा काय झालं, खुद्द चक्रवर्तीचं यान भरकटलं. सरदार घाबरले, देशमुख रडायला लागले, पाटील पलंगाखाली! केरबा त्याच यानावर नोकरीला होता. त्याने सुकाणू धरलं आणि यान अलगद उतरवलं. चक्रवर्ती खूश. म्हणाला, “माग!” केरबा काही मागायच्या आत त्यानेच देऊन टाकलं, “जा, तू ग्रहपती!”

कालचा केरबा आज श्रीमंत केरराव महाराज! घुमटात ही बातमी आली आणि ठकूबाईने काय केलं असेल? रडली? नाचली? नाही हो. ती वड्या करायला बसली! तिकडे डाळ नाही, तीळ नाही, शेवाळाच्या वड्या. लेकाला आवडायच्या. डबा भरला, फडक्यात बांधला आणि निघाली दरबाराला. म्हातारी, छातीत घरघर. शेजारीण मैनाबाई सोबतीला.

आता दरबार बघा! वर उंच पायऱ्या, पायऱ्यांवर गादी, गादीवर केरबा. पुढे देशमुख, मागे पाटील, आणि अगदी मागे, दाराशी, रयत. दाराशी ठकूबाई. चोपदार ओरडला, “ग्रहपती महाराज!” — आणि सगळ्या दरबाराने श्वास रोखला.

केरबाने पाहिलं. आई! टाचा उंच करून उभी, डबा छातीशी धरलेला. त्याला वाटलं, धावत जावं. चोपदार कानाशी कुजबुजला, “महाराज, क्रम. आधी देशमुख. पहिलाच दरबार आहे.”

केरबा म्हणाला, “देशमुखांनी —”

तेवढ्यात भांडण! एक देशमुख म्हणतो, माझा चंद्र मोठा, माझं नाव आधी. दुसरा म्हणतो, तुझा मोठा असेल, पण माझा आधी उगवतो! बोलतायत, हातवारे करतायत. कॉलरमध्ये नळ्या ना! आणि मागे माणसं श्वास धरून उभी. तुम्ही हसताय, पण आपल्याकडे लग्नात फेटा आधी कोणाला बांधायचा यावरून वरात थांबते की नाही?

चोपदाराची पाठ वळली. रांगेने चोरून श्वास घेतला. सगळ्यांनी घेतला. एकीने नाही.

ठकूबाईने घेतला नाही! मैनाबाईने कोपर मारलं, डोळ्यांनी खुणावलं, घे गं, हळूच घे! ठकूबाईने मान हलवली. नाही. आज माझ्या लेकाचा दरबार. उद्या कोणी म्हणायला नको, ग्रहपतीच्या आईनेच मान ठेवला नाही.

सगळ्या दरबारात खरा मुजरा एकटीच करत होती. त्याची आई!

आणि केरबाला दिसत होतं. मंडळी, नीट ऐका, त्याला दिसत होतं! चेहरा लाल झालेला दिसला. मग काळानिळा. आणि त्याच्या मनात काय आलं असेल? “सगळे चोरून घेतात, आईही घेत असेल. आणि नसेल घेत, तरी... तिला सवय आहे.”

अरे!

अरे, तुझ्या तोंडावर मुखवटा बसवून ती जे सोसत होती, त्याला तू सवय म्हणतोस?

देशमुखांचं मिटलं. “देशमुखांनी घ्यावा!” मग पाटील. पाटलांची नावं, गावं, घुमट. “पाटलांनी घ्यावा!” मग कुठे केरबा उठला, मागे दाराकडे बघून मोठ्या प्रेमाने म्हणाला, “रयतेने... घ्या!”

हूश्श! सगळी रयत मोकळी झाली. आणि त्या आवाजात दुसरा एक आवाज आला. पत्र्याचा. डबा खाली पडला होता. वड्या फरशीवर विखुरल्या.

डॉक्टर, तुम्ही मघापासून मान हलवताय, मला दिसतंय. श्वास रोखून माणूस मरत नाही, बेशुद्ध पडतो आणि श्वास आपोआप चालू होतो, हेच ना? तरण्याताठ्याचा होत असेल. पण जन्मभर हवा दुसऱ्याला दिलेलं म्हातारं काळीज होतं ते. थांबलं.

केरबा धावला! चोपदार ओरडतोय, “महाराज, ग्रहपती पायऱ्या उतरत नाहीत!” कोण ऐकतो? मुकुट एकीकडे, जोडा एकीकडे. रांग मोडून शिरला, आईचं डोकं मांडीवर घेतलं. “आई, घे. आई, मी म्हणतोय ना, घे! घे गं!”

नाही घेतला.

तो रडला. किती रडला कोणास ठाऊक. मग त्याच्या लक्षात आलं, आजूबाजूला फार शांत आहे. कोणी हुंदका देत नाही, कोणी खोकत नाही. त्याने वर पाहिलं.

आणि मंडळी, काय दिसलं? ग्रहपती रयतेत येऊन बसला होता. म्हणजे वरचा अधिकारी समोर होता! म्हणून सगळी रयत — म्हातारीकोतारी, कडेवर पोरं घेतलेल्या बाया — पुन्हा श्वास रोखून उभी होती. गाल फुगलेले. डोळे बाहेर आलेले. आणि या वेळी कोणी चोरूनही घेत नव्हतं, कारण त्याची आई मेली होती ना! त्याच्या दुःखाला मान म्हणून! मैनाबाई काळीनिळी पडली होती. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो कधी म्हणतो.

केरबा किंचाळला, “अरे, घ्या! सगळ्यांनी घ्या! आणि मला विचारू नका पुन्हा!”

आणि चोपदार? चोपदार शांतपणे पुढे आला. म्हणाला, “महाराज, आधी देशमुखांना न म्हणता एकदम सगळ्यांना म्हणालात. क्रम चुकला.”

बघा! आई मांडीवर मेलेली, आणि याला क्रम!

गादी गेली. केरबा आईला खांद्यावर घेऊन त्याच दाराने बाहेर पडला. प्रथा मोडली का? तुम्हाला वाटेल, मोडली. नाही हो. पुढच्या दरबाराला नवा ग्रहपती आला, चोपदार ओरडला, श्वास रोखले गेले. फक्त मागच्या रांगेत, दाराशी, एक माणूस उभा होता. तो मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा, श्वास घेत होता. चोपदाराने आरसा धरला, धुरकटला, त्याला हाकललं. जाता जाता त्याला मागे आणखी एक आवाज ऐकू आला. बाईचा. मैनाबाईचा.

संपली गोष्ट. आता एक ओळ माझीच, तोडकीमोडकी, गोड मानून घ्या. वामनराव, सूर द्या —

वारा नाही पाटलाचा, श्वास नाही सरकारी,
आई, तुझ्या थांबण्यात माझी पहिली भरारी!

बास. पेटी बंद करा. टाळ्या नकोत.

प्रश्न आठवतो ना? आपलं माणूस कासावीस होताना आपण स्वस्थ कसे बसतो? आता उत्तर मी सांगतो, कारण ते मला इथेच मिळालं. मंडपामागे सकाळपासून चूल पेटलीय. लाकडं ओली. पडद्याच्या फटीतून मला दिसतंय, एक माउली कढईपुढे उभी आहे आणि पदराने डोळे पुसतेय. भक्तीने नाही, धुराने. कीर्तनाला उभा राहण्याआधी मी आपल्या कार्याध्यक्षांना म्हटलं, अहो, त्या बायाबापड्यांना जरा पुढे येऊन बसू द्या की. काय म्हणाले असतील?

“असू द्या बुवा. त्यांना सवय आहे.”

खाली का बघता, कार्याध्यक्ष? एकट्याने नका बघू, सगळ्यांनीच बघा. प्रत्येकाच्या घरात हे वाक्य रोज बोललं जातं. माझ्यासुद्धा.

म्हणून आज गजर मी घेणार नाही. आधी पहिली पंगत बसेल, ती चुलीपुढच्या बायकांची. सभापतीसाहेब, वरणाची बादली तुमच्याकडे. कार्याध्यक्ष, तुम्ही भात. आणि पानापुढे वाकून, मोठ्याने, एकच शब्द म्हणायचा, “घ्या!” त्या जेवून उठल्या, इथे पुढे येऊन बसल्या, की मग देवाचं नाव घेऊ.

तोवर मी इथेच उभा आहे. उठा!