जाड बुडाचा वाडगा

ठिणगी : मावशी, खरं सांग हं. तुझ्या या कपात मेलेल्या जनावरांची हाडं असतात?

मावशी : कुणी पढवून पाठवलंय?

ठिणगी : वर्गातल्या मुलींच्या टोळक्यानं. म्हणाल्या, विचारून तर दाखव, मावशी भट्टीच्या चिमट्यानं कान ओढेल!

मावशी : कान ठेव जागेवर. असतात. हाडं जाळून त्यांची राख पांढऱ्या मातीत मिसळतात. कप उजेडाकडे धर. आता मागून बोट फिरव.

ठिणगी : अगं बाई! बोट दिसतंय! कपाच्या आरपार!

मावशी : हाडं नंतर आली. त्याआधी चीनमध्ये नुसत्या मातीतून अशी भांडी शेकडो वर्षं होत होती. युरोपात कुणाला जमेना. तिथल्या एका राजानं तर एका माणसाला कोंडूनच घातलं, गुपित शोध म्हणून.

ठिणगी : मलाही बाबा कोंडणार आहेत, क्लासात. पैज लागलीय, मी केलेला आजचा वाडगा अखंड निघाला तरच सुट्टीभर तुझ्याकडे. झाला असेल ना गं?

मावशी : मागे सर. भट्टी उघडतेय.

ठिणगी : मावशी... हा माझा? हा तर आतून पेटलाय! आणि ओला कसा दिसतो?

मावशी : वरचा लेप वितळलाय, त्याची काच होतेय. चल, भुशाच्या पिंपात. तोंड बाजूला!

ठिणगी : आई गं, केवढा भडका! जळेल की तो!

मावशी : भुसा जळतोय. झाकण घातलं की धूर कोंडतो आणि मातीत शिरतो. रंग काय येईल, ते मलाही ठाऊक नसतं.

ठिणगी : इतकी वर्षं करूनही?

मावशी : म्हणून तर करते.

(थोड्या वेळानं. भुशातून काढलेला वाडगा विटांवर निवतो आहे.)

ठिणगी : ऐक! टिंग... टिंग... फुटतोय का गं?

मावशी : लेपाला बारीक तडे जाताहेत. गातोय तो. गप्प राहून ऐक.

ठिणगी : जाळी उमटतेय बघ! आणि काठाला चक्क तांब्याचा रंग! मी तर हिरवा लेप लावला होता... अय्या, हा ‘खट्’ कसला?

मावशी : हा गाण्यातला नव्हे.

ठिणगी : दोन तुकडे, मावशी.

मावशी : काठ पानासारखा पातळ आणि बूड पाटाएवढं जाड! पातळ भाग आधी निवतो, जाड मागे राहतो, मग ओढाताण. एवढं जाड कुणी करायला सांगितलं?

ठिणगी : बाबांनी. ‘जाड कर, फुटणार नाही.’

मावशी : धन्य! बरं, डोळे पूस आणि तो तुकडा उलटा कर. बुडाशी काय दिसतंय?

ठिणगी : माझा अंगठा. रेघ न् रेघ.

मावशी : घासून बघ. जात नाही. हजारो वर्षांची खापरं सापडतात, त्यांवर करणाऱ्याचं बोट असंच असतं. नाव कुणाला ठाऊक नसतं, बोट मात्र तस्सं.

ठिणगी : हजारो...

बाबा : येऊ का आत? आईही आलीय. धूर पार गल्लीच्या तोंडापर्यंत आलाय. कुठाय वाडगा?

ठिणगी : फुटला. पैज तुम्ही जिंकलात.

बाबा : अरेरे. जाड नव्हता केलास?

ठिणगी : केला होता. म्हणूनच फुटला!

आई : घ्या! अजून द्या सल्ले.

ठिणगी : क्लासला जाईन, शब्द म्हणजे शब्द. पण सकाळच्या. दुपारी मी इथं असणार. विचारत नाहीये, आई, सांगतेय.

बाबा : अगं, पण...

ठिणगी : आधी हात पुढे करा, बाबा. जपून, कड लागेल. आता इथं अंगठा ठेवा. हा माझा आहे.