लांब मुळाची अळंबी

ऐका रं! विड्या विझवा आधी. गेन्या, तू दारातनं आत सरक, मग बोंब मारू नकोस.

आपली वरल्या आळीची ठकूबाई. तिची हौसा पहिलटकरीण, नववा भरलेला, माहेराला आलेली. दोन दिस अन्नाला तोंड लावंना. एकच ध्यास, "आये, अळंबी खाऊ दे." डोहाळा राहिला तर लेकराचा कान फुटतो. म्हणून ठकू दिवसभर भांगलून आली आन् अंधार पडल्यावर कंदील घेऊन निघाली. सकाळी गुराखी एक अळंबी ठेवत न्हाईत, ठाऊक हाय ना?

चढ चढून देवराईच्या कडंला गेली आन् कंदील विझला. वारा न्हाई, काय न्हाई! समोर बघते तर उजेड. हिरवट, गार. अळंबीच उजळलेली! ढीगभर!

आता जाणतं माणूस काय करतं? मूळ बघतं. वारुळातल्या अळंबीला लांब मूळ असतं. कुजक्या लाकडावर येती ती कुत्र्याची छत्री. तिला मूळ नसतं, ती खायची न्हाई. ठकूनं एक उपटली. मूळ आलं! खरीच हाय म्हणली, आन् भराभरा ओटी भरली. शेवटची ओढली, तर मूळ संपंना. वीतभर, हातभर... ओढतीया, ओढतीया. हात खाली टेकला, तर वारूळ न्हवं, कुजकं खोड! आन् मूळ कसलं रं? केस! बाईचे ओले केस!

खोडातनं कुणीतरी कण्हलं.

ठकू पळाली. मागनं हाक, "आये, आणलीस?" हौसाचाच आवाज! ठकूचा पाय अडला. अडणारच, आई ती. पण नवव्या महिन्याची पोर हा चढ चढंल कशी? हाक जवळ आली. "आये, भूक लागलीया." मग मानंवर गार श्वास. "दे की गं."

डोहाळे अपुरे राहून, पोटातल्या लेकरासकट गेलेली बाई व्हती रं ती! ठकूनं मागं न बघता ओटी झटकली. मागं मचामचा खाण्याचा आवाज. तेवढ्यात ही धावली, काट्यांतनं, चिखलातनं, थेट घरी.

दार उघडलं. अंधारात हौसा उठून बसलेली. म्हणली, "आये, आणलीस?"

ठकूचं काळीज फाटलं! जागची हलंना. मग धीर करून गेली, हात पोरीच्या पोटावर ठेवला. आतनं लेकरानं लाथ मारली, अशी जोरात! तवा ठकू रडली, मोठ्यानं, लहान पोरीगत.

म्हणून सांगतो, ती देवराईची वाट सोडा. नदीकडनं जा, उशीर झाला तरी चालंल. आन् गेन्या, देवराईपाशी तुझ्या आईनं जरी हाक मारली, तरी ओ देऊ नकोस.